दाराशी कोण बसणार?

(विदर्भातल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी नागपूरला झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी चहाच्या वेळी एकीने मला अडवून विचारलं, "ताई, शिबिर हिंसेच्या प्रश्नावर आणि तुमचं सत्र कॉम्प्युटरचं. हे मध्येच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मी लगेच देत नाही. आधी काय केलं ते सांगते, मग त्यात हिंसेचा प्रश्न कुठे येतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्या पाच गटांच्या पाच वेबसाइट होत्या. स्त्रियांच्या वाचनालयाची एक, आपल्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकांची एक, घरकामगार बायकांच्या युनियनची एक, बचत गटांच्या महासंघाची एक आणि समुपदेशन केंद्राची एक. पाचही पाच ठिकाणी, पाच वेगवेगळ्या मुलांनी करून दिलेल्या. मुलांनी म्हणते, कारण त्या खरोखर कुणाच्या तरी भाच्यानेच केलेल्या होत्या. पासवर्ड भाच्याकडे, बिल भाच्याच्या ईमेलवर. एक भाचा नोकरीला पुण्याला गेला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली, आणि एक दिवस युनियनचं नाव दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतलं. ज्या पानावर किमान वेतनाची माहिती होती त्या पानावर झटपट कर्जाच्या जाहिराती दिसायला लागल्या. भाच्याची चूक नव्हती. आपल्या घराची किल्ली आपण कुणाकडे दिली आहे हे आपल्यालाच माहीत नव्हतं.

तेव्हा ठरवलं की एकत्र यायचं. एका गटाच्या ऑफिसात एक जुना पण बरा कॉम्प्युटर होता, १६ जीबी रॅमचा. इंटरनेटच्या जोडणीवर कायमचा एक आकडी पत्ता जादा पैसे भरून घेतला. हा पत्ता मुद्दाम मागावा लागतो. घरगुती जोडण्यांमध्ये बहुतेक वेळा अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, आणि बाहेरून कुणी आपल्या मशीनपर्यंत पोचूच शकत नाही.

आता पाच वेबसाइट आणि पत्ता एकच. पाच पत्ते का नाही घेतले? कारण ते महाग आहेत, आणि महाग आहेत कारण ते संपले आहेत. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेकडचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून सगळं जग एका पत्त्यावर अनेक बिऱ्हाडं थाटून राहतं आहे.

महालात जुन्या वाड्यांतून ज्या राहिल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. वाडा एक, रस्त्यावर उघडणारं दार एक, आत बिऱ्हाडं पाच-सात. पोस्टमन दारापर्यंत येतो, पाकिटावरचं नाव वाचून दाराशी बसलेलं माणूस सांगतं, "मागच्या चौकात, उजव्या हाताला." ब्राउझर जेव्हा एखादं पान मागतो तेव्हा आकडी पत्त्यावर तर येतोच, पण सोबत हेही सांगतो की मला अमुक नावाची वेबसाइट हवी आहे. १९९७ साली एचटीटीपी १.१ ही नियमावली आली, तिने हे नाव सांगणं सक्तीचं केलं. त्या एका ओळीच्या जोरावर आजचं अर्धं वेब उभं आहे. दाराशी बसून ते नाव वाचणारा आणि आतल्या योग्य बिऱ्हाडाकडे मागणी पोचवणारा जो प्रोग्रॅम, त्याला म्हणतात रिव्हर्स प्रॉक्सी.

प्रॉक्सी शब्द आपल्याला नवा नाही. कॉलेजात मैत्रिणीची प्रॉक्सी लावायचो, म्हणजे ती नसताना तिच्या नावाने "यस सर" म्हणायचो. साधी प्रॉक्सी बाहेर जाणाऱ्याच्या वतीने बोलते. रिव्हर्स म्हणजे उलटी, ती आत बसलेल्यांच्या वतीने बोलते. बाहेरच्याला वाटतं आपण वेबसाइटशीच बोलतो आहोत. प्रत्यक्षात तो दाराशी बसलेलीशी बोलत असतो, आणि ती आत जाऊन उत्तर आणून देत असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही त्यासाठी एंजिनएक्स वापरलं. ईगोर सिसोएव्ह नावाच्या रशियन प्रोग्रॅमरने ते लिहिलं आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी मोकळं केलं. फुकट आहे, हलकं आहे. हेच काम एचएप्रॉक्सी, अपाची, कॅडी हेही करतात, कुणाला त्यातलं येत असेल तर खुशाल ते वापरावं.

आणि आतली बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एकाच लोखंडी डब्यात प्रोग्रॅमच्या मदतीने पाच-सहा वेगळे कॉम्प्युटर आहेत असं भासवायचं. प्रत्येकाला आपली रॅम, आपली डिस्क, आपली लिनक्स, आपला पासवर्ड. कल्पना आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकातच वापरात होती. लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाने ती २००७ साली आली आणि मग आपल्यासारख्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरही शक्य झाली. आम्ही पाच मशीनना दोन-दोन जीबी रॅम दिली, दाराच्या मशीनला एक जीबी, उरलेली मूळ कॉम्प्युटरला ठेवली.

कुणी विचारेल, पाचही वेबसाइट एकाच मशीनवर का नाही ठेवल्या? जमलं असतं, सोपंही पडलं असतं. पण बचत गटांच्या वेबसाइटवर एक जुनं, कुणी न सुधारलेलं प्लगइन होतं. अशा भोकातून कुणी आत शिरला आणि सगळं एकाच खोलीत असलं तर तो समुपदेशन केंद्राच्या कपाटापर्यंत हात घालू शकतो. वेगळ्या मशीनमध्ये तो त्याच खोलीत अडकतो. तेही आपण मशीन-मशीनमधली ये-जा बंद केली असेल तरच, नाहीतर मधली दारं उघडी टाकून खोल्या वेगळ्या म्हणण्यासारखं होतं. आत सगळ्यांना खासगी पत्ते दिले, १९२.१६८ ने सुरू होणारे, जे बाहेरच्या जगाला दिसत नाहीत. बाहेरच्या रस्त्यावर उघडतं ते फक्त दाराचं मशीन, आणि त्याच्याही दोनच खिडक्या, ८० आणि ४४३ नंबरच्या.

दाराच्या मशीनवर प्रत्येक वेबसाइटसाठी एक छोटी फाइल लिहायची असते. तिच्यात सांगायचं असतं की हे नाव आलं तर मागणी आतल्या अमुक पत्त्यावर पाठव. एवढं लिहिलं की वेबसाइट सुरू होते आणि तुम्ही टाळ्या वाजवता. मग दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागतात.

पहिला फोन वाचनालयातून. पान उघडतच नाही, ब्राउझर म्हणतो फार वेळा इकडून तिकडे पाठवलं जातंय. झालं होतं असं की बाहेरून बाई सुरक्षित मार्गाने, म्हणजे एचटीटीपीएसने येत होती. दारावर तो मार्ग संपायचा आणि तिथून आत साध्या मार्गाने मागणी जायची. आतली वर्डप्रेस म्हणायची, तू साध्या मार्गाने आलीस, जा सुरक्षित मार्गाने ये. ती पुन्हा दाराशी, पुन्हा आत, पुन्हा तेच. सरकारी कचेरीत दोन टेबलांमध्ये आपल्याला फिरवतात तसं. उपाय एका ओळीचा: दाराने आत चिठ्ठी द्यायची की ही बाई मुळात सुरक्षित मार्गाने आली आहे. त्या चिठ्ठीला एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो म्हणतात. आणि ती चिठ्ठी मानायची असं आतल्या वर्डप्रेसलाही सांगावं लागतं.

दुसरा फोन युनियनचा. चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाकला की त्या पत्त्याला बंदी घालणारं एक प्लगइन त्यांच्याकडे होतं. आतल्या मशीनला प्रत्येक पाहुणी दाराच्याच पत्त्यावरून आलेली दिसते, कारण आत चक्कर मारणारी ती एकटीच. एका बाईने पासवर्ड चुकवला, प्लगइनने दारावरच बंदी घातली आणि सगळी युनियन बाहेर. इथेही चिठ्ठीच द्यायची, एक्स-फॉरवर्डेड-फॉर, म्हणजे खरी पाहुणी कोणत्या पत्त्याची आहे ते. मात्र आतल्या मशीनला बजावून सांगायचं की ही चिठ्ठी फक्त आपल्या दाराकडून आली तरच खरी मान, कारण तशी चिठ्ठी बाहेरचा कुणीही खोटी लिहून आणू शकतो.

मे महिन्यात वीज गेली, आली, आणि पाचपैकी दोन वेबसाइट ५०२ असा आकडा दाखवत बसल्या. ५०२ म्हणजे दार जागं आहे पण आतून कुणी ओ देत नाही. वीज आल्यावर व्हर्च्युअल मशीन आपोआप सुरू व्हावं ही खूण दोन मशीनवर करायची राहून गेली होती. बस, एवढंच.

यातलं एक प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दाराला अनोळखी नाव आलं, किंवा नाव न घेता नुसत्या आकड्यावर कुणी आलं, तर एंजिनएक्स काय करतं? वेगळं काही सांगितलं नसेल तर यादीतली पहिली वेबसाइट दाखवतं. फायली नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे वाचल्या जातात, आणि आमच्याकडे पहिली फाइल निघाली समुपदेशन केंद्राची. म्हणजे जगात कुणीही आमचा आकडा ठोठावला की समोर समुपदेशन केंद्राचं पान. आणि असे आकडे ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. आता आम्ही अनोळखी नावासाठी एक वेगळीच फाइल ठेवली आहे. ती काहीही न बोलता दार लावून घेते.

इथून मी सकाळच्या प्रश्नाकडे येते.

दाराशी जी बसते तिला कोण आलं, कुणाकडे आलं, किती वाजता आलं हे कळतं. एंजिनएक्स ते नुसतं बघत नाही, लिहून ठेवतं. त्याची नोंदवही, लॉग म्हणतात तिला, काही न सांगता चालू असते. येणाऱ्याचा आकडी पत्ता, तारीख, वेळ, कोणतं पान मागितलं, कुठल्या पानावरून आली, कोणता फोन किंवा ब्राउझर वापरला, सगळं एका ओळीत. वाचनालयाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण रात्री दीड वाजता एका घरातून कुणीतरी "नवऱ्याने घराबाहेर काढलं तर काय करावं" हे पान उघडलं, ही ओळ ज्या वहीत आहे ती वही कुणाच्या कपाटात आहे?

आधी ती पाच भाच्यांच्या पाच कंपन्यांकडे होती, आपण कधी विचार केला नव्हता. आता ती आपल्याच कपाटात आली. आणि आपलं म्हणजे कुणाचं? दाराचं मशीन ज्या गटाच्या ऑफिसात आहे त्या गटाचं. माझ्याच गटाचं. समुपदेशन केंद्राच्या मैत्रिणींनी बैठकीत सरळ विचारलं, "म्हणजे आमच्याकडे कोण येतं ते यापुढे तुम्हाला कळणार?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं एकत्र काम करतो, आमच्यावर विश्वास नाही? पण विश्वासाचा प्रश्न नव्हता. त्यांच्याकडे येणाऱ्या बाईने विश्वास त्यांच्यावर टाकलेला असतो, माझ्यावर नाही. तो त्यांनी परस्पर माझ्या हवाली करणं बरोबर नव्हतं.

आणि नुसती नोंदवहीच नाही. सुरक्षित मार्गाने येणारं पत्र बंद पाकिटात असतं. साधारण पद्धतीत रिव्हर्स प्रॉक्सी ते पाकीट दारावर फोडते, वाचते आणि आत देते. बाई तक्रारीचा फॉर्म भरत असेल तर तिचं नाव, पत्ता, मुलांची नावं, जे लिहिलं ते सगळं दारावर क्षणभर उघडं असतं. मोठ्या परदेशी कंपन्यांची अशीच दारं अनेक वेबसाइटच्या पुढे बसवलेली असतात, तिथेही हेच होतं.

नावाचं महत्त्व नागपूरच्या मंडळींना मी सांगायला नको. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात काय घडलं, इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १९७६ मध्ये पोलिसांना दोषी ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडलं, हे आपल्या चळवळीचं बाळकडू आहे. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलात एक कलम आलं २२८-अ, बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ७२ क्रमांकाने आहे. पण ज्या आदिवासी मुलीमुळे हे कलम आलं तिचं नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण प्रकरणच त्या नावाने ओळखलं जातं. मी ते इथे घेत नाही. तुमच्या मनात ते आलंच आहे.

तर दारावर पाकीट फोडू नये यासाठी सोय आहे. सुरक्षित जोडणीच्या पहिल्याच निरोपात वेबसाइटचं नाव पाकिटाच्या वर लिहिलेलं असतं. त्याला एसएनआय म्हणतात. दाराला सांगता येतं की फक्त ते वरचं नाव वाच आणि पाकीट न फोडता तसंच आत दे. पाकीट फोडायची किल्ली मग केंद्राच्या मशीनमध्येच राहते. आम्ही म्हटलं, झालं, सुटला प्रश्न.

पण सुटला नव्हता. पाकिटाच्या वर नाव आहे म्हणजे ते रस्त्यात सगळ्यांना दिसतं. घरात वायफाय नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असेल, राउटरवर कुठकुठल्या वेबसाइट उघडल्या त्याची यादी दिसत असेल, तर आत काय वाचलं ते कळणार नाही, पण समुपदेशन केंद्राचं नाव कळेल. तेवढं पुरेसं असतं. आपल्याकडच्या केसेस आठवा, मार खायला किती कारण लागतं?

उलट दुसरा मार्ग असा की केंद्राला वेगळं नावच द्यायचं नाही. वाचनालयाच्या नावाखाली, तिरकी रेघ देऊन, पुढे एक साधा शब्द. रिव्हर्स प्रॉक्सीला हे सहज येतं. नाव तेच, पण रेघेपुढचा शब्द बघून ती मागणी वेगळ्या मशीनकडे पाठवते. रेघेपुढचं सगळं पाकिटाच्या आत असतं, त्यामुळे वायफायवाल्याला फक्त वाचनालयाचं नाव दिसतं. बायको पुस्तकं बघत होती. पण मग पाकीट दारावर फोडावंच लागतं, त्याशिवाय रेघेपुढचा शब्द वाचणार कसा?

म्हणजे पाकीट बंद ठेवलं तर नाव उघडं पडतं, नाव झाकलं तर पाकीट दारावर फुटतं. दोन्ही एकदम मिळत नाही. पहिल्या निरोपातलं नावही झाकायची एक नवी पद्धत, ईसीएच, येते आहे, पण ती सगळ्या फोनवर आणि सगळ्या जोडण्यांवर चालेलच असा भरवसा आज धरता येत नाही.

या मुद्द्यावर तीन बैठका झाल्या. तांत्रिक काही नव्हतं त्यात. प्रश्न एवढाच होता की आपल्याकडे येणाऱ्या बाईला धोका कुणापासून जास्त आहे: घरातल्यांपासून की दाराशी बसलेल्यांपासून? केंद्राच्या सर्वात जुन्या कार्यकर्त्या, ज्यांना मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नाही, त्या म्हणाल्या, "माहिती वाचायला येते तेव्हा धोका घरी. लिहायला येते तेव्हा धोका आपल्याकडे." मी नंतर बऱ्याच जाणकारांना हा पेच सांगितला. याहून नेमकं उत्तर कुणी दिलं नाही.

तसंच केलं. नुसतं वाचायची पानं, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराविरोधी २००५ च्या कायद्याची माहिती, संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, १८१ आणि ११२ हे नंबर, ही सगळी वाचनालयाच्या नावाखाली गेली. पानाच्या कोपऱ्यात एक बटण आहे, दाबलं की ताबडतोब हवामानाचं पान येतं. ब्राउझरच्या इतिहासात खूण राहतेच, तेव्हा ती कशी पुसायची हेही तिथेच सोप्या मराठीत लिहिलं आहे. तक्रारीचा फॉर्म काढून टाकला. त्यावर थोडी नाराजी झाली, वेबसाइटवर फॉर्म असला की काम आधुनिक दिसतं. पण फॉर्म भरून बाई वाट बघत बसते आणि आपण तो चार दिवसांनी उघडतो, हे काय खरं काम होतं? आता तिथे फोन नंबर आणि केंद्राच्या वेळा आहेत. कार्यकर्त्यांची केसची नोंदवही वेगळ्या मशीनवर आहे. त्या मशीनला दारातून वाटच नाही. ऑफिसातून किंवा व्हीपीएनने जोडलेल्या तीन लॅपटॉपवरूनच ते उघडतं, आणि त्याची किल्ली माझ्याकडे नाही.

नोंदवहीचं काय? आमचा पहिला आवेश होता बंदच करून टाकायची. पण सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले आहेत, त्यात सेवा देणाऱ्यांनी, डेटा सेंटरनी, कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात असं आहे. आपल्यासारखा न्यास किंवा गट त्यात कुठे बसतो हे प्रत्येक संघटनेने आपल्या वकील मैत्रिणीला विचारून ठरवावं, माझ्या बोलण्यावर जाऊ नये. आम्ही मधला रस्ता काढला तो असा: त्या पानांसाठी वहीत रेघेपुढचा शब्द लिहिलाच जात नाही. वाचनालयात कुणी आलं एवढंच उमटतं, पुस्तक बघितलं की कायदा बघितला हे उमटत नाही. कुठल्या पानावरून आली तो रकानाही काढला. आतल्या मशीनवर वेगळी वही असते, तीही तशीच आखडली, हे बऱ्याच जणी विसरतात. १८० दिवसांनंतर पानं आपोआप पुसली जातात, आणि वही उघडायची तर दोन गटांच्या दोघी हजर लागतात.

प्रमाणपत्रांबद्दल दोन शब्द सांगते, कारण तिथे फसगत होते. सुरक्षित मार्गासाठी प्रत्येक नावाला प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना फुकट देते. पण दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक वहीत नोंदवलं जातं आणि ती वही कुणीही चाळू शकतं. तुम्ही केंद्रासाठी गुपचूप एखादं उपनाव घेतलं, कुणाला सांगितलं नाही, तरी प्रमाणपत्र मिळताच ते नाव जगजाहीर. मग एक तर सगळ्या उपनावांना मिळून एकच तारांकित प्रमाणपत्र घ्यायचं, किंवा आम्ही केलं तसं वेगळं नावच ठेवायचं नाही. दुसरं, त्यांच्या नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची होती आणि ती कमीच होत जाणार आहे. ब्राउझर बनवणाऱ्या आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवलं की २०२९ पर्यंत कमाल मुदत ४७ दिवसांवर आणायची. नूतनीकरण आपोआप होतं, पण होत नसलं तर कळत नाही, कारण मुदत संपत आल्याची आठवण करणारं ईमेलही लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलं. म्हणून दर महिन्याच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर, जमाखर्चाच्या खाली, "प्रमाणपत्रं तपासली का?" अशी ओळ आम्ही घातली आहे. मिनिट-बुकात त्याची नोंद होते.

आता राहिल्या किल्ल्या. दाराच्या मशीनच्या दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक युनियनच्या एका कार्यकर्तीकडे. तिचं शिक्षण दहावीपर्यंत झालं आहे आणि दुपारी चार घरची कामं उरकून ती आमच्याकडे येते. पहिल्यांदा काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करताना तिचे हात थरथरत होते. आता माझी चूक ती पकडते. मागच्या महिन्यात मी एका फाइलमध्ये अर्धविराम विसरले, आणि दार पुन्हा सुरू करण्याआधी फाइल तपासायची आज्ञा द्यायची असते तीही विसरले. तिने मागून विचारलं, "ताई, आधी टेस्ट नाही केली?" भाच्याने हे विचारलं नसतं, त्याने परस्पर दुरुस्त करून टाकलं असतं.

प्रत्येक मशीनची पूर्ण प्रत दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर, कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून घेतली जाते. ती डिस्क दुसऱ्या गटाच्या कपाटात असते. एकदा मुद्दाम बचत गटांचं मशीन पुसून ती प्रत परत चढवून बघितली. पहिल्या वेळी चढली नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी हा प्रयोग करतो.

अमरावती आणि चंद्रपूरहून आलेल्या मैत्रिणींनी विचारलं आहे की त्यांच्याही वेबसाइट आमच्या दारामागे घ्याल का. जागा आहे, रॅम वाढवता येईल. पण मी हो म्हटलेलं नाही. नागपूरची वीज गेली की तुमचं पान बंद, आमच्या दोघींना ताप आला की तुमचं दार नादुरुस्त, आणि तुमच्याकडे येणाऱ्या बाईची ओळ आमच्या वहीत. तुमच्यातल्या दोघी-दोघींनी इथे महिनाभर येऊन शिकावं आणि आपलं दार तिकडेच बसवावं असं मला वाटतं. यावर दुपारच्या चर्चेत बोलूच. युनियनच्या त्या मैत्रिणीने दाराची सगळी फाइल हाताने वहीत उतरवून प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ लिहिला आहे. तिच्या झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना प्रत्यक्ष करून बघायचं आहे त्यांनी जेवणानंतर मागच्या खोलीत यावं. तिथे एक रिकामं मशीन चालू करून ठेवलं आहे, ते मोडलं तरी चालेल.